मुलांना खेळासाठी आग्रह : किती आणि कसा?



मिस्सा संपल्यावर मुले चर्चच्या आवारात धावू लागली की आपण लगेच ओरडतो, "पडशील, कपडे मळतील!" घरी गेल्यावर तेच मूल मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. घर शांत असते म्हणून आपल्याला बरे वाटते. मुलांनी खेळावे, धावावे यासाठी आईवडिलांनी किती आग्रह धरावा, याचा आज आपण विचार करू.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली याचे साधे माप दिले आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे श्वास वाढेल अशी हालचाल करावी. आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट होतील असे खेळ खेळावेत. धावणे, दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी हे सगळे यात येते. त्याला पैसे लागत नाहीत.

कोणी म्हणेल, "आमची मुले रानात काम करतात, तेवढे पुरे." चारा आणणे, पाणी भरणे ही मदत चांगलीच, आणि त्यानेही शरीर हलते. पण काम सांगितल्यावर होते, खेळ मनापासून होतो. हरणे, नियम पाळणे, भांडून पुन्हा एक होणे हे मूल खेळातच शिकते. म्हणून कामाच्या नावाखाली खेळाचा वेळ काढून घेऊ नये.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहा. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटरवर आणि गाडीची सोय नाही, म्हणून तो चालत-पळत शाळेत जाई. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे तो सैन्यात भरती झाल्यानंतर वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्यपदक आणि २०२३ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. लहानपणी त्याच्यामागे पदकाचा तगादा नव्हता, रोजची हालचाल मात्र होती.

याची दुसरी बाजूही आहे. २००६ साली ओडिशातील बुधिया सिंग या अवघ्या चार वर्षांच्या मुलाला पुरी ते भुवनेश्वर असे सुमारे ६५ किलोमीटर पळवण्यात आले. देशभर कौतुक झाले, पण डॉक्टरांनी धोक्याचा इशारा दिला आणि सरकारला त्याचे असे पळणे थांबवावे लागले. मोठ्यांची हौस मुलाच्या अंगावर लादली की असे होते.

संत पौल कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. संत डॉन बॉस्को यांनी तुरीन शहरातील गरीब मुलांसाठी प्रार्थनेबरोबर खेळाचे मैदानही ठेवले, आणि ते स्वतः मुलांत खेळत असत. आपल्यालाही हाच मार्ग धरता येईल. रोजच्या खेळाचा आग्रह जरूर धरावा, पण जिंकण्याचा धरू नये.

घरी एवढे करून पाहू या :

१. संध्याकाळचा एक तास खेळासाठी राखून ठेवावा. दहावीच्या वर्षीही तो बंद करू नये.

२. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचा खेळ बंद होतो. तिलाही भावाइतकाच वेळ द्यावा, आणि घरकाम दोघांत वाटावे.

३. ऊसतोडीच्या हंगामात नीरा-बारामती रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. लहान मुलांना मैदानापर्यंत आपण स्वतः सोडावे.

४. आठवड्यातून एकदा तरी आईवडिलांनी मुलांबरोबर खेळावे किंवा लांब चालत जावे.

५. मूल दुखते म्हणाले, तर त्याला आळशी म्हणू नये. विश्रांती द्यावी, आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

आपला आग्रह योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. खेळून आलेले मूल "उद्या पुन्हा जाऊ?" असे विचारते का? विचारत असेल तर आपण बरोबर चाललो आहोत. खेळाचे नाव काढताच ते तोंड लपवत असेल, तर आपण थोडे थांबावे आणि त्याचे ऐकून घ्यावे.

कुटुंबात चर्चेसाठी : गेल्या आठवड्यात आपली मुले किती दिवस खेळली? आपण त्यांना कशासाठी अडवले? ते कारण खरेच तेवढे मोठे होते का?