नाताळाची धांदल आणि गव्हाचे पाणी

धार-देवास भागातील शेतकरी कुटुंबाकडे नाताळ कधी एकटा येत नाही. गव्हाचे पाणी, लसणाची खुरपणी, माळव्याची कडाक्याची थंडी आणि मुलांचा खोकला ही सगळी मंडळी त्याच्याबरोबरच दारात येऊन उभी राहतात. त्यात गव्हाणी उभारायची, नाताळगीतांची तालीम, घराची सारवण, मुलांचे कपडे आणि फराळ. कामे वाटून घेतली आहेत असे प्रत्येक घरात सांगतात. पण बारकाईने पाहिले तर निम्म्याहून अधिक कामांचे शेवटचे टोक आईच्याच हातात असते. म्हणून या पाठात आम्ही शेत, स्वयंपाकघर आणि मुलांची प्रकृती यांचा एकत्र विचार करणार आहोत. आईच्या दिवसात या तिन्ही गोष्टी वेगळ्या नसतात.

आधी शेत पाहू. गव्हाला पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. पुढचे फुटवे आणि ओंब्या याच मुळांवर अवलंबून असतात. या वेळी पाणी चुकले तर नंतर कितीही पाणी दिले तरी नुकसान भरून येत नाही. दुसरे पाणी ४० ते ४५ दिवसांनी, पीक कांडी धरू लागते तेव्हा. आता हिशेब करून पाहा. १५ नोव्हेंबरला पेरलेल्या गव्हाचे पहिले पाणी ६ डिसेंबरच्या आसपास येते आणि दुसरे नेमके २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान! आपल्या काळ्या जमिनीत ओल बऱ्यापैकी टिकते, म्हणून हे दुसरे पाणी तीन-चार दिवस मागेपुढे झाले तर बिघडत नाही. ते २१-२२ तारखेलाच उरकून घ्यावे किंवा सरळ २७ नंतर द्यावे. ज्यांची पेरणी लांबून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे मुकुटमुळांचे पाणीच सणाच्या दिवसांत येते आणि ते पुढे ढकलता येत नाही. अशा घरांनी शेजाऱ्याशी आधीच बोलून पाळी बदलून घ्यावी. तुमचे पाणी त्याने पाहावे, त्याचे तुम्ही संक्रांतीला पाहावे. खेड्यात असा सौदा अजून होतो, आणि तो कागदावर लिहावा लागत नाही.

हरभरा ऐन फुलोऱ्यात असेल तर त्याला पाणी देऊ नये, फुले गळतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळपासूनच बोटे बधिर करणारा गारठा असेल तर त्या रात्री दव गोठण्याचा धोका असतो. (इकडे याला 'पाला पडला' म्हणतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या सुना हे ऐकून झाडाचा पाला शोधू लागतात!) अशा संध्याकाळी शेताला हलके पाणी द्यावे, म्हणजे जमिनीची ऊब टिकते. विजेची पाळी रात्रीची असेल तर पंपावर एकट्याने जाऊ नये. पायात रबरी बूट, हातात बॅटरी आणि स्टार्टरला ओला हात लावायचा नाही. हे काम बाईवर टाकून पुरुषांनी तालमीला जावे, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

आता फराळ. पवारांच्या काळापासून या दोन्ही शहरांत मराठी घरे नांदत आहेत. त्यामुळे आपल्या नाताळच्या ताटात करंजी-चकलीच्या शेजारी बाफले आणि चुरम्याचे लाडूही सुखाने बसतात. चुरम्याला माळव्याचा कठिया गहूच घ्यावा. घरचा गहू, घरचे तूप आणि गूळ असताना बाजारातून मैद्याचे पुडे आणण्याचे कारण काय? शेजारच्या घरांत ताटे पाठवायची असतात, हे आम्ही जाणतो. पण ताटात सात पदार्थ असलेच पाहिजेत असा कोठेही नियम नाही. चार चांगले असले की पुरे.

करण्याचा क्रम टिकाऊपणावर ठरवावा. शंकरपाळी आणि चकली १५ तारखेनंतर कधीही कराव्यात. कोरड्या डब्यात त्या चांगल्या राहतात. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या त्यानंतर. माव्याचे पदार्थ अगदी शेवटी, २३ किंवा २४ तारखेला, आणि तेही दोन दिवसांत संपतील एवढेच. सणासुदीच्या दिवसांत माव्यात पिठाची भेसळ होते. ती घरीच ओळखता येते. चमचाभर मावा पाण्यात उकळून पूर्ण गार करावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर त्यात पिष्ट आहे. तपासलेला मावा अर्थातच फेकून द्यावा, चाखू नये. तळणीचे तेल काळपट झाले, त्याला फेस आणि धूर येऊ लागला की ते पुन्हा वापरू नये. चार घरांच्या बायकांनी एकाच अंगणात एकत्र तळण केले तर सरपण वाचते, तेल वाचते आणि कोणाचीही कंबर एकटीने मोडत नाही. मुलांवर लक्ष ठेवायलाही एक बाई मोकळी राहते. उकळत्या कढईजवळ लहान मूल रांगत असते तेव्हा या मोकळ्या बाईची किंमत कळते.

खर्चाविषयी थोडे. सणाच्या कपड्यांसाठी उचल घ्यायची आणि गहू निघाल्यावर फेडायची, ही रीत आपल्या भागात जुनी आहे. देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांनी गोरगरीब शेतकरी-मजुरांना बचत करायला आणि सावकाराऐवजी बँकेकडे जायला शिकवले. त्याच कामामुळे २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. बचतगटाच्या वहीत सणासाठी वेगळे पान जूनपासूनच उघडावे. डिसेंबरात ते उघडून उपयोग नाही.

मुलांचा खोकला हा विषय आम्ही शेवटी घेतला असला तरी या पाठातला तोच सर्वांत गंभीर भाग आहे. धांदलीच्या दिवसांत आई म्हणते, "सर्दीच आहे, नाताळ झाल्यावर दाखवू." बहुतेक वेळा ती सर्दीच असते. पण न्यूमोनिया नाताळ होईपर्यंत थांबत नाही. त्याची ओळख घड्याळाने होते. मूल शांत असताना किंवा झोपेत अंगावरचा कपडा वर करावा आणि पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, मलूल पडले असेल किंवा झटके आले असतील, तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. करंज्या राहू द्याव्यात.

दुकानातून खोकल्याचे औषध आपल्या मनाने आणू नये. २०२५ साली आपल्याच राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे सरबत पिऊन लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. दोन वर्षांच्या आतील मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधे देऊच नयेत, असे केंद्र सरकारने त्यानंतर बजावले आहे. वर्षावरील मुलाला चमचाभर कोमट पाण्यात मध द्यावा. त्याहून लहान बाळाला मध अजिबात देऊ नये. त्याला वारंवार अंगावर पाजावे.

रात्री ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळण्याआधी तो जीव घेतो. शेगडी अंगणात पेटवावी, शेकून झाले की विझवावी, आणि मगच खोलीत निजायला जावे.

मध्यरात्रीच्या मिस्साला तान्हे बाळ नेलेच पाहिजे असे नाही. आईने सकाळच्या मिस्साला जावे आणि त्या रात्री बाळाजवळ झोपावे. थोरल्या मुलांना वडिलांनी न्यावे, कानटोपी आणि पायमोजे घालून. परतल्यावर चहाही वडिलांनीच करावा, कारण त्या दिवशी आई पहाटे चारपासून उभी असते.