करवीर संस्थानचा कारभार आणि आपला आळते पेटा

हातकणंगले हे आज तालुक्याचे नाव आहे. संस्थानी दप्तरात मात्र हा मुलूख आळते पेटा म्हणून आढळतो. करवीर, पन्हाळा, शिरोळ, आळते, गडहिंग्लज आणि भुदरगड हे संस्थानचे जुने पेटे होत. आपला विद्यार्थी पानिपत आणि प्लासीच्या सनावळ्या पाठ करतो, परंतु ज्या राज्यात त्याचे पणजोबा रयत म्हणून जगले त्या राज्याचा कारभार कसा चालत असे हे त्यास ठाऊक नसते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या कारभाराची थोडी ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी स्थापिली. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांतील तंटा १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला व वारणा ही सरहद्द ठरली. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस वाहणारी नदी ती हीच. पुढे १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला, तो मोडून इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला आणि १८६२ च्या करारान्वये तो छत्रपतींकडे परत दिला. परंतु तोही अटी घालूनच. मोठ्या जहागीरदारांवर इंग्रजांची देखरेख राहिली.

नकाशावर एकरंगी दिसणारे हे संस्थान आतून एकसंध नव्हते, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरी त्यात होत्या आणि त्यांचा कारभार वेगळा चाले. आजच्या हातकणंगले तालुक्यापुरते पाहिले तरी इचलकरंजी घोरपडे जहागीरदारांकडे, माणगाव कागल जहागिरीत आणि पेट्यातील खालसा गावे थेट दरबाराकडे, अशी स्थिती होती. चार-पाच कोसांच्या आत तीन धनी! १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी सुरू झाली, ती या मुलुखातून धडधडत गेली. धनी मात्र तेच राहिले.

दरबार, जहागीरदार आणि इंग्रज अधिकारी हे झाले वरचे मजले. रयतेचा खरा संबंध येई तो गावच्या वतनदारांशी. पाटील वसुली करी आणि कुलकर्णी ती लिही. लिहिता येणारा माणूस गावात बहुधा तोच एक, त्यामुळे जमीन कोणाची, बाकी किती, हे त्याच्या लेखणीवर ठरे. खतावणीतील एक ओळ फिरली की कुटुंबाचे नशीब फिरे. या उतरंडीच्या तळाशी महार वतन होते. गावची सीमा दाखविणे, वसुलीची रक्कम ठाण्यावर पोहोचविणे, सरकारी टपाल वाहणे, रयतेस चावडीवर बोलावून आणणे, आल्यागेल्या अधिकाऱ्याचे ओझे उचलणे आणि मेलेले जनावर ओढणे ही कामे त्याच्याकडे होती. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन व बलुते मिळे. जमीन साऱ्या समाजाची मिळून असल्याने तुकडा वाट्याला आला काय, न आला काय, चाकरी साऱ्यांच्याच मानेवर बसे. काहीजण वतनाला मान समजत. आमच्या मते ती जमिनीच्या तुकड्याला बांधलेली दावण होती.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. जागा राखल्या तरी त्या भरावयास शिकलेली माणसे हवीत; म्हणून वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. निवासी शाळेच्या वाचकांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

१९०२ चा हुकूम सर्वांच्या तोंडी आहे. १९१८ च्या हुकुमांची चर्चा मात्र तितकीशी होत नाही, आणि आमच्या मते ते तोलाने कमी नाहीत. त्या वर्षी महार वतन खालसा होऊन जमिनी रयतावा म्हणून धारकांच्या नावे झाल्या. कुलकर्णी वतन जाऊन पगारी तलाठी आला. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यामागे लागलेली हजेरी बंद झाली. पाठोपाठ १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम झाला. राजाने गावची रचनाच उलगडावयास घेतली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

येथे जपानचे उदाहरण बोधप्रद आहे. १८७१ मध्ये तेथील सरकारने जुन्या सरदारांचे प्रांत मोडून जिल्हे केले आणि त्याच वर्षी अस्पृश्य गणलेल्या लोकांचा हीन दर्जाही कायद्याने रद्द केला. मेलेल्या जनावरांवरचा व कातड्यावरचा त्यांचा हक्क मात्र त्याबरोबर गेला आणि बदल्यात जमीन मिळाली नाही. बौद्ध देशातही बुराकु लोकांची विटंबना पुढे चालूच राहिली. कोल्हापुरात वतनाबरोबर जमीन गेली नाही, हा फरक लहान नव्हे.

२१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावास अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते, वय २८ वर्षांचे. ‘मूकनायक’ निघून दोन महिनेही झाले नव्हते. अप्पासाहेब पाटलांनी पुढाकार घेतला होता. स्वतः महाराज परिषदेस आले आणि तुमचा पुढारी तुम्हांस लाभला आहे, अशा आशयाचे बोलले. माणगाव कागल जहागिरीत होते व कागल हे महाराजांचे जन्मघराणे, हेही विसरू नये. आपल्या तालुक्यातील या गावाकडे आपण सभेचे स्थळ म्हणून पाहतो. परंतु ज्या प्रदेशात वतन नुकतेच गेले होते तेथे ही सभा झाली, हा संदर्भ जोडला म्हणजे तिचा अर्थ उलगडतो.

ब्रिटिश मुलुखात वतन तसेच होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते पार पडले नाही आणि त्यांना ते मागे घ्यावे लागले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. रायबागसारखा भाग बेळगाव जिल्ह्यात गेला, आळते पेट्याचा मुलूख कोल्हापूर जिल्ह्यात राहिला. कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ सालचा आहे. करवीरच्या हुकुमानंतर ४० वर्षांनी!

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या गावच्या तलाठी कार्यालयात किंवा तहसिलीत जाऊन जुने फेरफार पाहण्याची परवानगी मागावी. १९१८ च्या आसपासची नोंद मिळाल्यास जमीन कोणाच्या नावे लागली, क्षेत्र किती होते आणि पुढे ती कोणाकडे गेली, एवढे वहीत उतरवून आणावे. बरीचशी जुनी कागदपत्रे मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारे कोणी वडीलधारे गावात असतील तर त्यांनाही बरोबर न्यावे.