मोटारीची हेड गॅस्केट : एक व्यावहारिक पाठ

यंत्र चालू असतें तोंपर्यंत त्याच्या पोटांत काय चाललें आहे याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. तें बंद पडलें म्हणजे मात्र जो तो वांकून पाहूं लागतो. गेल्या वैशाखांत इंझोरीस आमच्या घरीं हाच प्रकार घडला. कारंज्याहून परत येत असतां आमच्या जुन्या पद्मिनी गाडीचा उष्णतेचा कांटा तांबड्या रेषेपलीकडे गेला; परंतु घर आतां दोनच कोस राहिलें, एवढ्यासाठीं आम्ही गाडी तशीच हांकीत आलों. चूक आमची होती आणि तिचा दंडहि आम्हींच भरला. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें विद्यार्थी वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें तयार होणारी गाडी पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें घरोघरीं ओळखीची झाली. ती निघणें बंद होऊन आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तथापि तिचें इंजिन इतकें साधें आहे कीं, शिकणारास याहून चांगला नमुना क्वचितच मिळेल.

या इंजिनाचे मुख्य भाग दोन. खालीं बिडाचा ब्लॉक. त्यांतील चार सिलिंडरांत दट्टे वरखालीं होतात. वर ॲल्युमिनियमचें हेड. त्यांत झडपा व ठिणगी पाडणारे प्लग बसविलेले असतात. या दोहोंच्या मध्यें जी पातळ चकती दाबून बसविलेली असते ती हेड गॅस्केट. तिच्या एका बाजूस जळत्या वायूचा दाब, दुसरीकडे इंजिन थंड ठेवणारें पाणी व तिसरीकडे वंगणाचें तेल. या तिघांना परस्परांच्या घरांत शिरूं न देणें हेंच तिचें काम.

हें काम किती अवघड आहे तें हिशेबानें पाहूं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारें ३६ चौरस सेंटिमीटर. स्फोटाच्या वेळीं दर चौरस सेंटिमीटरवर ४० किलोग्रॅम दाब धरला, तर हेडला वर उचलूं पाहणारा जोर १४ क्विंटलांहून अधिक होतो. चार टप्प्यांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमध्यें दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो; मिनिटास ३००० फेरे धरल्यास एका सिलिंडरमध्यें सेकंदास २५ स्फोट होतात. एवढे तडाखे ती चकती वर्षानुवर्षें सोसते.

मग ती जळते कां? बहुधा अति उष्णतेनें. १ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी १०० अंशांनीं तापविली तर सुमारें २.३ मिलिमीटर वाढते. बिडाची पट्टी सुमारें १.१ मिलिमीटर. अर्थात् हेड ब्लॉकच्या दुप्पट पसरूं पाहतें. वरून नटांनीं जखडलेलें असल्यामुळें तें मधोमध वांकतें, आणि सैल झालेल्या जागेंतून आग वाट काढते. आमच्या गाडीच्या पाण्याची रबरी नळी कित्येक दिवस पाझरत होती. ती आम्हीं पाहिली होती, परंतु बदलली नव्हती. थोड्या पैशांच्या नळीसाठीं मोठें काम अंगावर आलें तें असें.

रोगाचीं लक्षणें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. बाहेर गळती नसतां पाणी कमी होतें. इंजिन गरम झाल्यावरहि धुराड्यांतून पांढरी वाफ येत राहते. रेडिएटरमध्यें बुडबुडे दिसतात. तेलांत पाणी मिसळल्यास तें ताकासारखें होतें. मात्र तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. दाबाखालील पाणी १०० अंशांवरहि न उकळतां राहतें, आणि झांकण निघतांच उसळून अंग भाजतें. त्याचप्रमाणें तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये, धातु तडकते.

कामाचा क्रम असा. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. पाणी काढून झांकून ठेवावें. त्यांत कूलंट असल्यास तें गोड परंतु विषारी असतें, आणि अंगणांत वासरूं किंवा कुत्रें असतेंच. नळ्या, कार्ब्युरेटर व धुराड्याचा नळ सोडवून प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी. पुशरॉड ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें पुठ्ठ्याच्या भोकांत खोंवून ठेवावे. हेडचे नट बाहेरून मध्याकडे, प्रत्येकी थोडेथोडे सैल करावे. हेड चिकटलें असल्यास मध्यें पेंचकस घालूं नये. लांकडाच्या ठोकळ्यानें हळूंच ठोकावें व दोघांनीं मिळून उचलावें.

जुन्या गॅस्केटमध्यें ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास वर्षांनंतरहि असाध्य रोग होतो. म्हणून ती कोरडी खरवडूं नये व फुंकूं नये. ओली करून काढावी आणि पिशवींत बांधून टाकावी.

येथें आमची दुसरी चूक सांगणें प्राप्त आहे. आमच्या गॅस्केटवर दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मध्यें काळी जळकी रेघ स्पष्ट दिसत होती. दोष सांपडला असें समजून आम्हीं नवी गॅस्केट घातली आणि गाडी सुरू केली. तीन दिवस ती उत्तम चालली. चौथ्या दिवशीं पुन्हा बुडबुडे. त्याच रात्रीं शेजारचे काका घाबरत दाराशीं आले. काकूंना दवाखान्यांत न्यावयाचें होतें. आम्हांला ‘काका, गाडी बंद आहे’ एवढेंच म्हणतां आलें. दुसऱ्याची जीप मिळाली व काकू बऱ्या झाल्या. परंतु ती अर्धी घटका आम्ही विसरलों नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्हीं जें प्रथमच करावयास हवें होतें तें केलें. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी व दोन्ही कर्णांवर ठेवून खालीं फीलर गेजचीं पातीं घालून पाहिलीं. बहुतेक इंजिनांस ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंतच सूट असते. आमच्या हेडखालीं ०.२० चें पातें सरकलें. जळकी रेघ हा परिणाम होता; वांकलेलें हेड हें कारण होतें. हें काम मात्र घरीं होण्यासारखें नाहीं. कारंज्यास लेथवाल्याकडून हेडला जरुरीपुरताच फेस मारून आणला, आणि रबरी नळीहि नवी घातली.

जोडणीच्या वेळीं दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसावे व नटांच्या भोकांत पाणी किंवा तेल राहूं देऊं नये. गॅस्केट नवीच घ्यावी. एकदां दाबली गेलेली पुन्हा वापरूं नये. नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, तीन फेऱ्यांत आंवळावे, आणि तेहि टॉर्क पान्यानें. अर्धा मीटर दांड्यावर १२ किलोग्रॅम जोर लाविला तर ६ किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो, हा शाळेंतील तरफेचाच नियम होय. आंकडा मात्र त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेंतूनच घ्यावा. शेवटीं झडपांची फट जुळवावी, तेल बदलावें, पाणी भरून हवा निघूं द्यावी, आणि इंजिन चालवून पुन्हा तपासावें.

शुभवर्तमानांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा अदमास करावा असें तेथें सांगितलें आहे. आमचा अदमास चुकला तो पैशांत नव्हे, धीरांत चुकला. अभ्यासांतहि उत्तर चुकलें कीं तेवढें खोडून दुसरें लिहिण्याची घाई आपण करतों. तें कां चुकलें हें पट्टी लावून पाहत नाहीं. आमची गाडी त्यानंतर पावसाळाभर चालली. ती जळकी गॅस्केट मात्र आम्हीं पिशवींत घट्ट बांधून टाकून दिली, ०.२० चा आंकडा तेवढा घराच्या वहींत तारखेसह लिहून ठेविला आहे.