विहारचे मातीचे धरण

(मुंबई शहराला नळाने पाणी मिळू लागले ते १८६० साली, विहार तलावामुळे. हा तलाव ज्या धरणामुळे तयार झाला, ते धरण मातीचे आहे. ते का बांधले, ते कसे टिकले आणि आज त्याचा उपयोग काय, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, एक सोपा प्रयोग करून पाहा. मैदानाच्या कोपऱ्यात मातीचा लहानसा बांध घाला आणि त्याच्यामागे बादलीभर पाणी ओता. थोड्या वेळाने बांध भिजेल, त्यातून पाणी पाझरू लागेल आणि शेवटी माती वाहून जाईल. तुम्ही म्हणाल, मातीने पाणी अडत नाही. मग विहारचे मातीचे धरण एकशे साठहून अधिक वर्षे पाणी अडवून कसे उभे आहे?

त्याआधी, हे धरण बांधण्याची गरज का पडली ते पाहू.

जुन्या मुंबईत नळ नव्हते. लोक विहिरींचे आणि तलावांचे पाणी पीत. धोबी तलाव, खारा तलाव, नवाब टँक, सी. पी. टँक ही नावे तुम्ही ऐकली असतील. आज तेथे रस्ते आणि इमारती आहेत. पण ही नावे जुन्या पाणवठ्यांची आठवण देतात. भिस्ती पाठीवर चामड्याची मशक घेऊन घरोघरी पाणी पोहोचवत. उन्हाळ्यात तलाव आटत. समुद्र जवळ असल्याने कित्येक विहिरींचे पाणी मचूळ लागे. घाण पाण्यामुळे पटकीची साथ येई.

१८४५ साली पाण्याची फार टंचाई झाली. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. १८५४ साली पाऊस पुन्हा कमी पडला. मुंबईची वस्ती तर झपाट्याने वाढत होती. शहरातल्या विहिरी तिला पुरणार नाहीत, पाणी बाहेरून आणावे लागेल, हे सर्वांना कळून चुकले.

हेन्री कॉनिबेअर नावाच्या अभियंत्याने त्यासाठी योजना तयार केली. मुंबईच्या उत्तरेला साष्टी बेटावर डोंगर आहेत. तेथे मिठी नदी उगम पावते. डोंगरांमधल्या खोऱ्यात नदी अडवावी, तेथे पावसाचे पाणी साठवावे आणि लोखंडी नळाने ते शहरात आणावे, अशी ही योजना होती. त्या वेळी लॉर्ड एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० साली विहारचे पाणी मुंबईत पोहोचले. तलाव शहरापेक्षा उंचावर होता. त्यामुळे पंपाची गरज पडली नाही; पाणी उताराने आपोआप वाहत आले. या योजनेतून दररोज ३ कोटी २० लाख लिटर पाणी मिळेल, असा हिशोब होता. वस्ती वाढतच गेली, म्हणून १८७२ साली धरणाची उंचीही वाढवण्यात आली.

विहार तलाव एका भिंतीने नव्हे, तर मातीच्या तीन भिंतींनी अडवलेला आहे. त्यांतली मुख्य भिंत सुमारे २५ मीटर उंच, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी आहे.

आता आपण आपल्या प्रश्नाकडे वळू. मातीची भिंत पाणी कसे अडवते?

सगळी माती सारखी नसते. वाळूतून पाणी चटकन निघून जाते. चिकणमातीतून मात्र ते फार हळू झिरपते. कुंभारही अशाच चिकणमातीची भांडी घडवतो. त्या काळी मातीचे धरण बांधताना आधी पायात खोल चर खणत. चिकणमाती पाणी घालून, कणकेसारखी तुडवून त्या चरात भरत. तिचीच भिंत धरणाच्या मधोमध वर आणत. हा धरणाचा गाभा. पाणी अडवण्याचे मुख्य काम तो करतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे पातळ थर टाकत. प्रत्येक थर भिजवून, ठोकून घट्ट केल्याशिवाय त्यावर दुसरा थर टाकत नसत. पाण्याच्या बाजूला दगड बसवत, म्हणजे लाटांनी माती सुटत नाही. तुमच्या बांधात आणि धरणात हाच फरक आहे: तुमचा बांध सैल मातीचा होता, धरण घट्ट दाबलेल्या मातीचे असते.

मातीचे धरण आणखी एका गोष्टीमुळे टिकते, ती म्हणजे वजन. त्याचा पाया फार रुंद असतो. साधारणपणे उंचीच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे पाण्याचा रेटा त्याला ढकलू शकत नाही.

तरीही मातीच्या धरणाला दोन मोठे धोके असतात. पहिला धोका वरून वाहणाऱ्या पाण्याचा. दगडी धरणावरून पाणी वाहिले तर ते बहुधा टिकते. मातीचे धरण काही तासांत कापले जाते. म्हणून धरणाच्या बाजूला सांडवा ठेवतात. तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून जाते. पावसाळ्यात ‘विहार तलाव भरून वाहू लागला’ अशी बातमी येते, तेव्हा पाणी सांडव्यावरून जात असते, मातीच्या भिंतीवरून नव्हे.

दुसरा धोका आतून पाझरणाऱ्या पाण्याचा. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. हे पाणी निवळ असेल तर काळजी नसते. पण ते गढूळ झाले, तर पाण्याबरोबर आतली माती वाहून येत आहे, असे समजावे. घुशींची बिळे आणि झाडांची कुजलेली मुळे पाण्याला वाट करून देतात. म्हणून धरणावर झाडे वाढू देत नाहीत, बिळे बुजवतात आणि पाझरणारे पाणी नेहमी तपासतात.

ही काळजी किती महत्त्वाची आहे, हे १२ जुलै १९६१ रोजी पुण्याने अनुभवले. पानशेतचे मातीचे धरण तेव्हा नवीनच होते. त्याचे काम पुरते संपलेही नव्हते. पाणी सोडण्याच्या मार्गाजवळ त्याचा भाग खचला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण पाणी धरणावरून वाहू लागले आणि धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले. पुणे शहराला पिण्याचे पाणी खडकवासल्याहूनच येत असे. पुरात घरे बुडाली आणि पूर ओसरल्यावर त्याच शहरात पिण्याच्या पाण्यासाठी लोकांना वणवण करावी लागली.

विहारनंतर मुंबईसाठी तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा असे अनेक तलाव झाले. आज सात तलाव मुंबईला पाणी देतात. त्यांच्या एकूण साठ्यात विहारचा वाटा सुमारे २ टक्केच आहे. मग या लहान, जुन्या तलावाची काय गरज, असे कोणी विचारील. थोडे गणित करू. विहारमधून रोज सुमारे ९ कोटी लिटर पाणी मिळते. शहरात एका माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागते, असे धरतात. भागाकार करा. साडेसहा लाखांहून अधिक माणसांची गरज हा जुना तलाव भागवतो! शिवाय मोठे तलाव दूर दुसऱ्या जिल्ह्यांत आहेत; विहार मात्र मुंबईतच आहे.

विहारच्या भोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. डोंगरावरची झाडे माती धरून ठेवतात, त्यामुळे तलावात गाळ कमी येतो. जंगलात कारखाने आणि गटारे नाहीत, म्हणून पाण्यात घाण मिसळत नाही. पण धरणाखाली काय होते? तीच मिठी नदी साकीनाका, कुर्ला, धारावी अशी वस्तीतून वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिच्यात सांडपाणी आणि कचरा मिसळतो. नदी एकच, पण धरणाच्या वर तिचे पाणी शुद्ध करून आपण पितो आणि धरणाच्या खाली तिच्याजवळ उभे राहवत नाही. हा फरक माणसांनीच केला आहे. तो माणसांनाच दूर करता येईल.

मुलांनो, तुम्ही मुंबईत राहत नसाल, तरी हा पाठ तुमच्याही गावाचा आहे. सोलापूरचा एकरुख तलाव आणि नागपूरचा अंबाझरी तलाव हेही जुन्या मातीच्या धरणांमुळेच तयार झाले. तुमच्या नळाचे पाणी कोठून येते, हे शोधून काढा. ज्या पाण्याचे घर आपल्याला माहीत असते, ते पाणी आपण वाया घालवत नाही.

शब्दार्थ

पाणवठा – पाणी भरण्याची जागा
मचूळ – किंचित खारट, बेचव
पटकी – कॉलरा
गाभा – आतला, मधला भाग
रेटा – जोराचा दाब
सांडवा – जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट
निवळ – स्वच्छ, गाळ नसलेले
वणवण करणे – एखाद्या गोष्टीसाठी इकडेतिकडे फिरणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विहार तलाव कोणत्या नदीवर आहे?
(आ) विहारचे पाणी मुंबईत कोणत्या साली पोहोचले?
(इ) धरणाचा गाभा कोणत्या मातीचा असतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) विहारचे पाणी शहरात आणण्यासाठी पंपाची गरज पडली नाही.
(आ) मातीच्या धरणावर झाडे वाढू देत नाहीत.
(इ) पाझरणारे पाणी गढूळ झाले तर काळजी वाटते.

प्र. ३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
शहर, इमारत, मशक, कारखाना

उपक्रम : तुमच्या घरी एका दिवसात किती बादल्या पाणी लागते ते मोजा आणि वर्गात सांगा.