निःशब्द सरोवरे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेव्हाडा ही पर्वतश्रेणी आहे. तिच्या माथ्यावर हिमनद्यांनी कोरलेली शेकडो सरोवरे आहेत. 1916 साली चौदा वर्षांचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स साधा पेटीसारखा कॅमेरा घेऊन या पर्वतात आला आणि त्याला त्या अरण्याचा कायमचा लळा लागला.

पुढे ते मोठे छायाचित्रकार झाले. तेव्हाचे साहित्य फार जड असे. पण अ‍ॅडम्स ते घेऊन अरण्यवाटा पायी तुडवीत. 1932 साली त्यांनी कड्याखालचे एक सरोवर टिपले. अर्धवट गोठलेले पाणी, त्यात काळ्या कड्याचे प्रतिबिंब. चित्र पाहतानाही तेथील शांतता जाणवते!

जवळच्याच किंग्ज नदीवर धरणे बांधावीत, असा काहींचा आग्रह होता. 1936 साली अ‍ॅडम्स आपली छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेले. 1938 साली त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक निघाले. ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले. 1940 साली किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. मात्र धरणांसाठी हेरलेल्या दोन दऱ्या वगळल्या गेल्या; त्या उद्यानात यायला 1965 साल उजाडले.

आजही त्या उद्यानाच्या बहुतेक भागात मोटारीचा रस्ता नाही. सरोवरे पाहायची तर पायीच जावे लागते.