चार महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचं घर

बारावीचा निकाल लागला की माझ्या क्लासला कुणाचे तरी आईबाबा मुलाला घेऊन येतात. मुलाची मध्यमा पूर्ण झालेली असते, हात बरा असतो, आंतरशालेय स्पर्धेचा एखादा चषक घरच्या शोकेसमध्ये असतो. बाबा विचारतात, "सर, तबल्यात काही स्कोप आहे का?" मी मुलाकडे वळून विचारतो, "मे महिन्यात काय करशील?" त्याला वाटतं सुट्टीबद्दल विचारून राहिले. मला विचारायचं असतं पोटाबद्दल.

नागपुरात कलावंताचं काम थंडीत असतं. दिवाळी पहाटेपासून सुरुवात होते. तुळशीचं लग्न लागलं की लग्नघरचे संगीत आणि रिसेप्शन, कॉलेजांची स्नेहसंमेलनं, खासदार सांस्कृतिक महोत्सव, सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात, लक्ष्मीनगरला सायंटिफिकमध्ये, शंकरनगरला साई सभागृहात रोज काही ना काही. डिसेंबरात एकाच तारखेला तीन-तीन फोन येतात आणि दोघांना नाही म्हणावं लागतं. होळी झाली की फोन गप्प. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. माणसं रात्री नऊच्या आत घराबाहेर निघत नाहीत आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, मग मैदानातला कार्यक्रम करायचा कधी? लग्नं असतात, पण तिथे डीजे. आषाढी एकादशीनंतर लग्नंही थांबतात. गणपती-नवरात्रात थोडी धुगधुगी येते, तीही मधल्या पितृपक्षाने तुटते. घरभाडं, किराणा, मुलांची फी मात्र बारा महिने.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी कायदे, रेले, तुकडे दिले, साथीला बसायची अदब दिली. जूनमध्ये गॅस सिलिंडर कुठून आणायचा हा त्यांच्या तालमीतला विषय नव्हता. आमच्या पिढीतले किती तरी चांगले हात या एका गणितात गेले. जानेवारीत हप्त्यावर मोटरसायकल घेतलेली आणि पावसाळ्यात ऑक्टोपॅड विकायला काढलेला, अशी पोरं मी पाहिली. वाजवण्यात ती कुठेच कमी नव्हती.

म्हणून माझी पहिली अट वाजवण्याबद्दल नसून बँकेबद्दल आहे. हिवाळ्यात जी बिदागी येईल तिचा अर्धा भाग दुसऱ्या खात्यात टाकायचा आणि ते खातं होळीपर्यंत विसरायचं. अर्धा जास्त वाटत असेल तर खर्चाचा हिशेब मांडा. तबलजीला एकच जोडी पुरत नाही. गवई काळी एक-दोनमध्ये गातात, गायिका काळी चार-पाचमध्ये. वेगवेगळ्या तोंडाचे तबले लागतात. नागपूरच्या कोरड्या उन्हात चामडं ताणतं, स्वर चढतो, पुडी फाटते. जुलैत तीच पुडी सैल पडून खाली बसते. पुडी बदलणं, नेण्या-आणण्याचा ऑटो, साथीदारांचा चहा, साधा पण इस्त्रीचा कुर्ता, हे सगळं त्याच बिदागीतून जातं. हातात पाच हजार आले म्हणजे पाच हजार कमावले असं होत नाही.

इथे वसंतराव देशपांड्यांचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही, कारण 2022 मध्ये 'मी वसंतराव' सिनेमा आला तेव्हा माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांना नोकरी सोडायची सुरसुरी आली होती. वसंतराव 1920 चे, जन्म मूर्तिजापूरचा. गाणं शिकले आमच्या नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे. पोरवयात 'कालिया मर्दन' सिनेमात कृष्ण झाले. एवढी सुरुवात असून हा माणूस पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी करत होता. नोकरी सोडली साठच्या दशकात. 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं डिसेंबर 1967 मध्ये, तेव्हा त्यांचं वय 47. पोरांच्या लक्षात राहतो तो राजीनामा. त्याआधी दर महिन्याला घरी येणारा पगार कुणाला आठवत नाही. त्या पगाराने त्यांना काय काय सोसायला लावलं हे मी नाकारत नाही. नोकरी रियाजाचे तास खाते, बदल्यांनी गावोगाव फिरवते, तब्येत खाते. पण ज्याच्या नावाच्या सभागृहात वाजवायची स्वप्नं आपण पाहतो, त्या माणसाने पोटाची सोय आधी लावली होती.

तर नोकरी करावी का? मिळाली तर जरूर करावी. विदर्भात बी.ए.ला संगीत हा विषय असलेली कॉलेजं बरीच आहेत. एम.ए. करून नेट किंवा सेट पास झालात तर प्राध्यापकीचा रस्ता उघडतो, निदान कागदावर. प्रत्यक्षात जागा भरल्या जात नाहीत आणि पोरं तासिका तत्त्वावर झिजतात. तासांचे पैसे वर्ष संपल्यावर मिळाले तरी नशीब समजायचं. शाळेत संगीत शिक्षकाचंही तेच. तरी पदवी घ्या. बायोडेटात ती लागते आणि सासरे होऊ घातलेल्या माणसाला ती समजते.

नोकरी नाही, अशा हातांसाठी पूर्व विदर्भाने एक सोय करून ठेवली आहे, आणि शहरातली पोरं तिच्याकडे नाक मुरडतात. झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात भाऊबीजेच्या सुमाराला मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते आणि गावोगाव रात्रभर नाटकं होतात, ती पार होळीपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या धंद्याचं ठाणं. नाट्यकंपन्यांची कार्यालयं तिथेच. ही रंगभूमी किती जिवंत आहे ते पाहायचं तर 2023 मध्ये तिथल्या परशुराम खुण्यांना पद्मश्री मिळाली एवढं पुरे. नाटकाला गाणी असतात, गाण्यांना जिवंत साथ लागते. मी ऐन उमेदीत तिथे वाजवलंय. रात्री दहाला बसायचं ते तांबडं फुटेपर्यंत उठायचं नाही. थंडीत बोटं आखडतात, डग्गा मांडीत घेऊन ऊब द्यावी लागते. नट ऐनवेळी दोन ओळी गाळतो, तुम्हाला समेवर हजर राहावंच लागतं. मैफलीत जी सावधगिरी यायला मला आणखी दहा वर्षं लागली असती ती तिथे दोन हंगामांत आली. आणि पैसे रात्रीचे रात्री ठरलेले. शास्त्रीयवाले हसतील, हसू द्या.

आता शहरातला दुसरा प्रकार. नागपुरात हौशी गायकांचे क्लब गल्लोगल्ली आहेत. निवृत्त बँक अधिकारी, डॉक्टर, शिक्षिका, सगळे वर्गणी काढून सभागृह घेतात आणि रफी-लता-किशोर गातात. म्हणजे इथे गाणारा पैसे घेत नाही, देतो. जो तरुण गायक गाण्यावर पोट भरायला निघालाय त्याच्यासाठी ही मोठी पंचाईत आहे. आयोजक त्याला पैसे का देईल, जेव्हा दहाजण पैसे देऊन गायला तयार आहेत? मी बराच काळ या लोकांवर चिडून होतो. पण हिशेब पाहिला तर ज्या क्लबांना ट्रॅकवर न गाता जिवंत वाद्यवृंद हवा असतो, ते माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत चोख आहेत. वर्गणी आधीच जमलेली असते, पाकीट मंचावरून उतरताना हातात येतं. वादकांनी ही कामं घ्यावीत. गायकांनी त्यांच्याशी मंचावर स्पर्धा करू नये, त्यांना शिकवावं. पन्नाशीनंतर सूर लावायला बसलेला माणूस फी वेळेवर देतो आणि दहावी आली म्हणून क्लास सोडत नाही.

क्लास हा खरा बारमाही झरा, हे सांगून टाकतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आहेत. शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून गर्दीही वाढली. त्यातली निम्मी पोरं गुणांसाठीच येतात आणि अर्ज भरून झाला की दिसेनाशी होतात. त्यांच्यावर राग धरू नका. फी तीन महिन्यांची आगाऊ घ्या, मे महिन्यासकट.

आणि बिदागी. ही बोलायला आपल्या लोकांची जीभ अडखळते. "दादा, आपलं घरचंच आहे, पैशाचं मंग पाहू," असं म्हणणारा माणूस मला दर हंगामात भेटतो. एका मोठ्या कार्यक्रमाची सगळी बोलणी माझ्याशी फोनवर झाली होती. पूर्ण वाद्यवृंद माझ्या शब्दावर आला. कार्यक्रम रंगला, हारतुरे झाले. दुसऱ्या आठवड्यात कळलं की ज्यांनी बोलणी केली ते आयोजक संस्थेत पदावर राहिले नाहीत, आणि नव्यांना ठरलेली रक्कम माहीतच नव्हती. निम्मे पैसे आले, तेही उन्हाळा उलटल्यावर. साथीदारांचे मी खिशातून दिले. दिले नसते तर पुढच्या थंडीत माझ्या हाकेला कुणी आलं नसतं. या धंद्यात नाव आयोजकांकडे होत नाही, साथीदारांकडे होतं.

तेव्हापासून फोन ठेवल्याबरोबर मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो: तारीख, जागा, किती वाजता पोचायचं, किती वेळ वाजवायचं, माणसं किती, साउंड कुणाचं, गाडी आणि मुक्काम कुणाचा, रक्कम किती, आगाऊ किती, उरलेली केव्हा, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय. शेवटी "बरोबर आहे ना?" एवढंच. समोरच्याचं "हो" आलं की झाला करार. कुणी रागावत नाही. जो रागावतो त्याने पैसे बुडवले असते. आगाऊ रक्कम आल्याशिवाय तारीख वहीत पेनाने लिहू नका.

सरकारी खाती, बँका, कंपन्या पैसे देताना बहुधा दहा टक्के टीडीएस कापतात. पॅन दिला नाही तर वीस. ते पैसे गेले असं समजून गप्प बसणारे ज्येष्ठ कलावंत मी पाहिलेत. उत्पन्न करपात्र नसेल तर आयकर विवरणपत्र भरल्यावर ते परत येतात. दरवर्षी भरा, कर लागत नसला तरी भरा. पुढे घरासाठी कर्ज मागाल तेव्हा बँक तुमच्या टाळ्या मोजत नाही, दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. जीएसटीच्या नावाने आयोजक घाबरवतात, तर लक्षात ठेवा: शास्त्रीय आणि लोककलेच्या सादरीकरणाला एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर तो लागत नाही. ऑर्केस्ट्रातल्या सिनेगीतांना ही सूट नाही, पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर तिथेही नोंदणीची गरज नसते. गाणी रचत असाल तर आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखलेला आहे. यूट्यूबवाल्या निर्मात्याने पुढे केलेल्या कागदावर सही करताना हे आठवा.

शिष्यवृत्तीचा अर्ज तर कुणी करतच नाही! केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलावंतांसाठी महिना पाच हजारांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. आकाशवाणीची स्वरचाचणीही द्या. नागपूर केंद्र 1948 पासून आहे आणि बी-हायची श्रेणी बायोडेटात आजही वजन राखून आहे, कार्यक्रम पूर्वीसारखे मिळत नसले तरी. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे नाव नोंदवून ठेवा.

कानांचं एक सांगून ठेवतो. 85 डेसिबलपर्यंतचा आवाज कान आठ तास सोसतो असं मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पाऊण तासही नाही, जेमतेम पंधरा मिनिटं. ऑर्केस्ट्रात ड्रमच्या बाजूला बसणारा तबलजी रोज त्याहून जास्त खातो. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, एका पुडीच्या खर्चात येतात.

राहिली मुंबई. वैशाली माडे विदर्भातल्या. 2009 मध्ये हिंदी 'सारेगमप' जिंकल्या आणि 'बाजीराव मस्तानी'तलं 'पिंगा' आलं 2015 मध्ये. मधली सहा वर्षं टीव्हीवर दिसत नाहीत, पण भाडं तेव्हाही भरावं लागतं. वादकांसाठी तर स्टुडिओचं काम संगणकाने फार आधीच आटवलं. तरी ज्याला जायचं आहे त्याने जावं, पण पावसाळ्यात जावं. तेव्हा इथे गमावण्यासारखं काही नसतं आणि हिवाळ्यातलं दुसरं खातं तीन-चार महिन्यांचं खोलीभाडं पेलतं. ओळखी करा, फुकट साथ करा, स्टुडिओंच्या दारात बसा. दसऱ्यापर्यंत तिथला फोन वाजला तर थांबा. नाही वाजला तर विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढा, कारण वडशाच्या कंपन्या माणसं दिवाळीच्या आधीच ठरवतात.