स्मरणरंजन आणि गतकातरता : भायखळा-गिरणगावातील नभोवाणी व दूरदर्शनच्या आठवणींचा वाङ्मयीन विचार

१. विषयप्रवेश

बालपणी ऐकलेल्या नभोवाणी-कार्यक्रमांच्या आणि पाहिलेल्या दूरदर्शन-मालिकांच्या आठवणी हा मराठी ललित लेखनातील एक स्थिरावलेला विषय आहे. दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि आत्मचरित्रे यांतून ‘आपली आवड’, ‘वनिता मंडळ’, ‘पुन्हा प्रपंच’, ‘गजरा’, ‘चिमणराव’ ही नावे इतक्या वेळा येतात की त्यांची मिळून एक सामायिक नामावळीच तयार झाली आहे. अशा लेखनाकडे समीक्षेने मात्र फारसे लक्ष दिलेले नाही. ते हलकेफुलके, फावल्या वेळी वाचावयाचे लेखन, अशी त्याची वासलात लावली जाते. प्रस्तुत लेखात या लेखनाचा विचार भायखळा आणि त्याला लागून असलेला गिरणगावाचा परिसर यांच्या संदर्भात केला आहे. या लेखनात वारंवार येणारे ‘आपण सारे’ हे संबोधन नेमके कोणाला सामावून घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

२. दोन संज्ञा

या भाववृत्तीसाठी पाश्चात्य भाषांत रूढ असलेली ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल येथील आपल्या प्रबंधात घडविली. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. त्याच्या दृष्टीने तो एक आजार होता. मायभूमीपासून दूर राहणाऱ्यांना तो जडत असे. मराठीत या एका संज्ञेसाठी दोन शब्द वापरले जातात : ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’. सामान्यतः ते पर्याय म्हणून योजले जात असले तरी त्यांचा रोख एक नाही. पहिल्या शब्दात आठवणीने होणाऱ्या रंजनावर भर आहे; दुसऱ्यात जे गेले त्यासाठी जीव कातर होण्यावर. आठवणीने सुखावणारा आणि आठवणीने व्याकूळ होणारा, असे दोन स्मरणकर्ते मराठीने वेगळे ओळखले आहेत, असे म्हणता येईल.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हरवलेले पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहणारी आणि हरवल्याच्या जाणिवेवरच चिंतन करीत थांबणारी, असे या वृत्तीचे दोन प्रकार मांडले. मराठीतील शब्दांची जोडी या वर्गीकरणाशी तंतोतंत जुळत नाही. परंतु गिरणगावातील आठवणींचा विचार करताना मराठीतील हा भेदच अधिक उपयोगी पडतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. ऐकण्याची जागा

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ‘विविध भारती’चा आरंभ ३ ऑक्टोबर १९५७ रोजी झाला. त्याआधी १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ आणि अमीन सयानी यांचे निवेदन श्रोत्यांच्या परिचयाचे झाले होते. तत्कालीन नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली होती आणि श्रोत्यांनी आपला काटा सिलोनकडे वळविला होता, हा इतिहास सुपरिचित आहे.

या इतिहासाला भायखळ्यात एक विशिष्ट स्थानिक अर्थ लाभतो. पूर्वेस माझगाव आणि घोडपदेव, पश्चिमेस आग्रीपाडा, नागपाडा आणि मदनपुरा, उत्तरेस चिंचपोकळी व लालबाग, अशा या टापूत कोकणातून व घाटावरून आलेले गिरणी कामगार, मदनपुऱ्यातील उर्दूभाषक विणकर, ख्रिस्ती व दलित वस्त्या एकमेकींना चिकटून वसलेल्या होत्या. खटाव मिलसारख्या गिरण्यांच्या भोंग्यावर दिवसाची विभागणी होत असे. हिंदी चित्रपटगीत या सर्व वस्त्यांत सारखेच ऐकले जाई. मराठी भाषणे, श्रुतिका आणि कौटुंबिक संवादिका मात्र त्यांतील एका भागापुरत्या राहत. ‘सारी मुंबई रेडिओभोवती जमत असे’ हे स्मरणरंजनपर लेखनातील लाडके विधान गीतांच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. श्रुतिकांच्या बाबतीत ते तसे नाही.

रेडिओ ही त्या काळी परवान्याची वस्तू होती. टपाल कार्यालयात शुल्क भरून परवान्याचे पुस्तक घ्यावे लागे आणि ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. त्यामुळे ट्रान्झिस्टर स्वस्त होईपर्यंत चाळीत रेडिओ असलेली बिऱ्हाडे निवडक असत. चाळीच्या रचनेत मात्र आवाजाला भिंत अडवीत नाही. एका खोलीतला रेडिओ सगळ्या मजल्याचा असे. दूरदर्शनची गोष्ट निराळी. ते पाहण्यासाठी दुसऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत जावे लागे. वरळी येथील मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील दहा-बारा वर्षांच्या आठवणींत दार, खिडकी आणि गॅलरी यांचे उल्लेख पडद्याइतकेच येतात. कोणाला आत सतरंजीवर जागा मिळाली, कोण दाराशी उभे राहिले, कोणाच्या तोंडावर दार लोटले गेले, हा तपशील मध्यमवर्गीय लेखनात गमतीचा म्हणून येतो. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने तो गमतीचा असेलच असे नाही. उंबरठ्याच्या आतून लिहिलेली आठवण आणि बाहेरून लिहिलेली आठवण या एकाच संध्याकाळच्या असूनही आशयदृष्ट्या भिन्न ठरतात.

४. भाषेची शाळा

आकाशवाणीच्या मुंबई ‘ब’ केंद्राने मराठी श्रोत्यांच्या दोन पिढ्यांच्या कानांवर प्रमाण मराठीचे संस्कार केले. ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी (प्रभाकर जोशी), मीनावहिनी (नीलम प्रभू) आणि पंत (बाळ कुडतरकर) यांचे संवाद हे या संस्काराचे ठळक उदाहरण होय. पांढरपेशा कुटुंबातील हा संवाद गिरणगावातल्या खोलीतही आवडीने ऐकला जाई. तेथील मूल घरात मालवणी किंवा सातारी बोली, रस्त्यावर मुंबईची हिंदी आणि रेडिओवर टेकाडे भावजींची मराठी, अशा तीन भाषिक स्तरांतून वावरत असे. दूरदर्शनवरील ‘चिमणराव’ मालिकेने चिं. वि. जोशी यांच्या मानसपुत्रांना दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघरी पोहोचविले. तेही जग याच भाषेचे होते.

या संस्काराचे दोन परिणाम संभवतात. एकीकडे हे मूल शाळेच्या व पुस्तकाच्या भाषेला सरावते आणि पुढे लेखनाकडे वळण्याची शक्यता निर्माण होते. दुसरीकडे, आपल्या घरातील बोली ध्वनिक्षेपकासमोर येण्याच्या योग्यतेची नाही, असाही धडा त्याला नकळत मिळतो. श्रमिकांसाठी ‘कामगार सभा’ हा कार्यक्रम होता आणि त्यातून लोकगीते, शाहिरी रचना ऐकावयास मिळत, हे खरे. पण त्याचा अर्थ, ही भाषा स्वतंत्र खणात ठेवली गेली असाही होतो.

या संदर्भात एक योगायोग लक्षणीय आहे. ज्या १९७२ साली वरळीहून दूरदर्शनचे प्रसारण सुरू झाले, त्याच साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. गोलपिठ्याचा परिसर भायखळ्यापासून पायी अंतरावर आहे. त्या संग्रहातील मराठी तत्कालीन कोणत्याही प्रसारणातून उच्चारली जाणे अशक्य होते. एकाच शहरात, एकाच वर्षी, मराठीची दोन रूपे सार्वजनिक झाली आणि त्यांपैकी एकच घरोघरी पोहोचले. स्मरणरंजनपर लेखनात दुसऱ्या रूपाची स्मृती जवळजवळ नसते, ही त्या लेखनाची मर्यादा या योगायोगामुळे उघड होते.

५. ‘आमची माती आमची माणसं’ : एक उदाहरण

शेतकऱ्यांसाठी असलेल्या ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाचा उल्लेख मध्यमवर्गीय आठवणींत बहुधा विनोदाने येतो. खत, फवारणी, पेरणी यांची माहिती संपून पुढचा करमणुकीचा कार्यक्रम केव्हा लागतो याची वाट पाहणारी मुले, हे त्यातील नेहमीचे चित्र. गिरणगावात या चित्राला दुसरी बाजू आहे. येथील कामगाराचा एक पाय गावी रोवलेला असे. गणपती, शिमगा किंवा लावणी-कापणीला तो गावी जाई, पगारातून शेतीसाठी पैसे धाडी आणि निवृत्तीनंतर परतण्याची आशा बाळगून असे. अशा माणसासाठी हा कार्यक्रम शेजारच्या खोलीत दिसणारा गावाचा तुकडा होता. बाप मन लावून पाहतो आणि मूल कंटाळते, हा एकाच खोलीतील विरोध म्हणजे स्थलांतराच्या दोन पिढ्यांमधील अंतर होय. होफरने ज्याला आजार म्हटले ती घराची ओढ बापाच्या ठिकाणी गावाविषयी होती. मुलाच्या ठिकाणी ती पुढे चाळीविषयी निर्माण झाली. चाळीची आठवण लिहिणाऱ्या मुलाने आपल्या बापाच्या गावाच्या आठवणीची दखल घेतली आहे काय, हा अशा लेखनाच्या परीक्षणाचा एक निकष होऊ शकतो.

६. १९८२ : दोन घटना

नभोवाणी आणि कृष्णधवल दूरदर्शन यांचा ‘सुवर्णकाळ’ स्मरणरंजनपर लेखनात साधारणतः ऐंशीच्या दशकाच्या आरंभी संपतो. याचे सांस्कृतिक स्पष्टीकरण सहज देता येते. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रसारण व दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेतील मराठीचा वाटा आक्रसला आणि १९८४ साली ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचे युग अवतरले. हे स्पष्टीकरण अचूक आहे. परंतु गिरणगावापुरते ते अपुरे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. ज्या वर्षी पडद्यावर रंग आले, त्याच वर्षी या वस्तीच्या चुली थंड पडू लागल्या.

त्यामुळे गिरणगावातून आलेल्या स्मरणकर्त्याच्या लेखनात ‘तेव्हाचे कार्यक्रम किती साधे होते’ हे वाक्य आढळले, तर त्याचा अर्थ केवळ अभिरुचीच्या पातळीवर लावणे योग्य ठरणार नाही. त्यात ‘तेव्हा महिन्याचा पगार येत होता’ हे न उच्चारलेले वाक्य दडलेले असू शकते. कार्यक्रमाची आठवण ही उपजीविकेच्या आठवणीचे पांघरूण होते. कार्यक्रम गेल्याचे दुःख उघड सांगता येते, त्यात लाज नसते. बापाचे काम गेल्याचे, भावाचे शिक्षण सुटल्याचे, खोली विकावी लागल्याचे दुःख सांगणे अवघड असते. संपानंतरच्या एका कुटुंबाची पडझड जयंत पवार यांनी ‘अधांतर’ या नाटकात उभी केली. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावाचा मौखिक इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या कृतींच्या शेजारी ठेवून वाचले असता रेडिओच्या आठवणींतील मौनाच्या जागा दिसू लागतात.

७. रंजनावाचून स्मरण

आठवण म्हणजे रंजन हे समीकरण अपरिहार्य नाही, याचा पुरावा याच परिसरातून मिळतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात नागपाड्याजवळील कावाखान्यातील बालपण येते. दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच व्यक्तीच्या दोन रूपांमधील संवाद अशी त्याची योजना असल्यामुळे स्मरण करणारा आणि ज्याचे स्मरण होते तो, यांत सतत अंतर राहते. आठवणीने सुखावून जाण्याची मुभा निवेदकाला मिळत नाही. याउलट पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाचा शेवट चाळीविषयीच्या चिंतनाने होतो आणि तेथे विनोद गतकातरतेत विलीन होतो. चाळ जिवंत असतानाच ती हरवत चालल्याची हुरहुर मराठी लेखनात आली होती, हे यावरून स्पष्ट होते. या दोन कृतींपैकी एकीची निवड करून दुसरी त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. नभोवाणी-दूरदर्शनच्या आठवणींचे लेखन मात्र आजवर बहुतांशी दुसऱ्या परंपरेचा सुलभ विस्तार करीत राहिले आणि पहिल्या परंपरेपासून काही शिकले नाही, ही त्याची उणीव मान्य करावी लागते.

८. समारोप

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने ‘रामायण’ मालिकेचे पुनःप्रसारण केले. तिला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. या प्रसंगाने एक गोष्ट सिद्ध केली : कार्यक्रम परत आणता येतो, परंतु तो पाहण्याची संध्याकाळ, गॅलरी आणि शेजार परत येत नाही. प्रेक्षक आपापल्या बंद दारांआड होते. आठवणींचा खरा विषय कार्यक्रम नसून सामायिक वेळ हा आहे, असे यावरून म्हणता येते.

हा सामायिक वेळ समतेचा नव्हता. त्यात आत बसणारे व बाहेर उभे राहणारे, प्रमाण भाषा बोलणारे व ती कानांनी शिकणारे, पाळीवरून आलेले व पाळीवर निघालेले असे भेद होते. वनिता मंडळ ऐकणाऱ्या गृहिणीच्या मजल्यावरच दहा-पंधरा कामगारांच्या पोळ्या लाटणारी खाणावळवालीही होती. तरीही तो वेळ सामायिक होता आणि त्याची ओढ खोटी नव्हे. या ओढीची चेष्टा करणे आणि तिला भाबडेपणाने शरण जाणे, या दोन्ही टोकांपासून अभ्यासकाने दूर राहावयास हवे.

आरंभीच्या काळातील अनेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, आणि ज्यांचे मुद्रण झाले त्यांतीलही बरेच फितींच्या पुनर्वापरामुळे टिकले नाहीत. अशा स्थितीत श्रोत्यांच्या आठवणी हेच त्यांचे मुख्य साधन उरते. ज्या पिढीने भायखळ्याच्या चाळीत सत्तरच्या दशकातील दूरदर्शन दाराशी उभे राहून पाहिले, ती आता साठीच्या आसपास आहे. त्याआधीच्या रेडिओच्या श्रोत्यांपैकी अनेक हयात नाहीत. मराठी विभागांनी या आठवणी संकलित करावयाच्या असतील तर ‘कोणता कार्यक्रम आवडत असे’ या प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. तो कोठे बसून ऐकला, संच कोणाचा होता, घरात कोणती बोली होती आणि त्या महिन्यात गिरणी चालू होती काय, हे प्रश्नही विचारावे लागतील. त्यांच्या उत्तरांतून स्मरणरंजनाच्या तळाशी असलेली गतकातरता हाती लागेल, आणि या लेखनाला आज नाकारले गेलेले वाङ्मयीन व सामाजिक मूल्य प्राप्त होईल.